ओढणी सांभाळा

१

बातमी आली तो मंगळवार होता, आणि मंगळवारी दुसऱ्या तासाला कार्ब्युरेटर असे. मिरजेच्या आयटीआयमध्ये अशोक पेठकर तो वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने शिकवत. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, एकेक भाग सुटा करून त्यावर मांडायचा आणि शेवटी एखाद्या पोराचे डोळे बांधून त्याला सगळं परत जोडायला लावायचं.

"सर, डोळे कशाला बांधायचे? गिऱ्हाईक काय आंधळी कोशिंबीर खेळायला येणार हाय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"अंधारात आंबा घाटात बंद पडलास की तुझी तूच उत्तर देशील," पेठकर म्हणाले. वर्ग हसला.

तेवढ्यात शिपाई दारात आला. "सर, ऑफिसात फोन हाय. चेन्नईवरनं."

"आमचा दर्शन असेल. म्हणावं, हातात जेट आहे, पाच मिनिटांनी कर."

शिपाई गेला नाही. दाराची चौकट धरून तिथेच उभा राहिला. पेठकरांनी जेटच्या बारीक भोकातून फुंकर मारली, डोळ्यासमोर धरून उजेड आरपार दिसतो का ते पाहिलं, तो जागेवर बसवला, चिंधीला हात पुसले आणि मग ते निघाले.

फोनवरचा आवाज ओळखीचा नव्हता. मराठी होती, पण चालीला वेगळीच. "मी सेतुमाधवराव. आपले चिरंजीव राहत त्या मॅन्शनचा मॅनेजर. अण्णा, आधी खुर्चीवर बसा. बसलात कीं?"

पेठकर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सकाळी ऑफिसला जाताना, सैदापेटचा पूल ओलांडल्यावर. मोटारसायकल दुभाजकावर गेली. दुसरं वाहन नाही, कुणाची धडक नाही.

२

दोन महिन्यांनी, क्रियाकर्मं आटोपून घरात जमलेली माणसं आपापल्या गावी गेल्यावर, पेठकरांनी मोटारसायकल आणायला चेन्नईला जायचं ठरवलं. ती तिथे विकून टाका असं सगळ्यांनी सुचवलं होतं. "मुलाची वस्तू मी बाजारात उभी करणार नाही," एवढंच ते म्हणाले.

कुमुदिनीने डबा बांधून दिला. पिशवीची गाठ मारता मारता म्हणाली, "अहो, जाताच आहात तर एक विचारून याल?"

"काय?"

"तो पडला तेव्हा एकटाच होता का?"

"अगं, पोलिसांनी लिहून दिलंय की."

"पोलिसांचं काय, कागद पुरा झाला की त्यांचं काम झालं. परका मुलूख, परकी भाषा. पोर रस्त्यावर पडलंय आणि भोवतीच्या गर्दीत एकसुद्धा ओळखीचं तोंड नाही, हेच दिसतं मला डोळे मिटले की. कुणीतरी असेल हो जवळ. हात धरायला. तेवढं कळलं ना, तर मी झोपेन."

दोन महिन्यांत ती झोपली नव्हती हे पेठकरांना ठाऊक होतं. ती पलीकडे पडून छताकडे बघत असे, आणि ते अलीकडे पडून झोपेचं सोंग करत.

"विचारतो," ते म्हणाले. "नक्की विचारतो."

३

तिरुवल्लिकेणीतलं ते मॅन्शन म्हणजे सडेफटिंग नोकरदारांचं तीन मजली लॉज होतं. एका ओळीत दारं, दारांवर वाळत घातलेल्या लुंग्या, खाली चौक. चौकात ताडपत्रीखाली गाडी उभी होती. सेतुमाधवरावांनी आधी गाडीकडे जाऊच दिलं नाही.

"प्रथम कापी. मग बाकी." त्यांनी पितळी डबऱ्यातून पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात कॉफी फेसाळवली. "आमचं घराणं तंजावरचं. आमची मराठी ऐकून तुमचे चिरंजीव हसत. म्हणत, काका, तुम्ही बखरीतून उठून आला. मी म्हणे, सेरी, बरं, मग तू उभा राहून बोल, बखरीतल्या माणसापुढे बसू नये."

पेठकरांना हसू आलं, आणि हसू आलं याचं नवल वाटलं.

"सेतुमाधवराव, एक विचारायचं होतं. तो एकटाच होता ना?"

"एकलाच. मी स्वतः इस्पितळात गेलो होतो. दुसरं कुणी जखमी नाही, एका मित्रावाचून कुणी पुसायला आलं नाही. आणि तो मागे बसवीत नसे कुणाला. एकदा मी म्हटलं, बाळा, टी. नगरला सोड. तर ऑटो आणली, भाडं आपण दिलं आणि स्वतः ऑटोच्या मागून एकला आला! मी म्हटलं, अरे, माझं वजन इतकं आहे काय?"

गाडी इथल्याच एका मेकॅनिकने सरळ करून ठेवली होती. पेठकरांनी ती तासभर तपासली. चेन, ब्रेक, केबल, प्लग. काम चांगलं होतं. एकच गोष्ट त्यांना खटकली. मागचे दोन्ही शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर लावलेले होते. एकट्याने फिरणारा माणूस ते तसे ठेवत नाही, कंबर मोडते. मागे रोज कुणी बसत असेल, तेही चांगल्या वजनाचं, तरच ही खाच. आणि दर्शन मेकॅनिकच्या मास्तरचा मुलगा होता. हे त्याला आठवीपासून माहीत होतं.

गाडी त्याने इथेच कुणाकडून तरी जुनी घेतली होती. आधीच्या मालकाने लावलेली खाच असेल आणि आळसाने तशीच राहिली असेल, असं पेठकरांनी स्वतःला सांगितलं. पाना घेऊन दोन्ही बाजू एकट्या माणसाच्या खाचेवर आणल्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. बेत साधा होता. टी. नगरला दर्शनचा मित्र गिरीधर राहत होता, त्याला भेटायचं, तिथून थेट सेंट्रल स्टेशनला जाऊन गाडी पार्सलला घालायची. सेतुमाधवराव म्हणाले, "अण्णा, इथली रहदारी तुमच्या गावची नव्हे. टेम्पो करून देतो."

"रहदारी सगळीकडे सारखीच," पेठकर म्हणाले. "पुढच्याच्या चाकाकडे बघायचं, तोंडाकडे नाही."

आणि खरोखरच त्यांना जमलं. पाट्या वाचता येत नव्हत्या, हॉर्नच्या कल्लोळात कानाचा उपयोग नव्हता, बसगाड्या अंगावर आल्यासारख्या येत होत्या. पण दहा मिनिटांत त्यांनी तिथली रीत ओळखली. इथे कुणी थांबत नव्हतं आणि कुणी घाई करत नव्हतं. सगळे मिळून हळूहळू पुढे सरकत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे हात त्यांच्या ताब्यात होते. मन हलकं झालं म्हणता येणार नाही, पण स्थिर झालं.

रायपेट्टाजवळ एक बाई मोपेडवरून शेजारी आली. केसांत अबोलीचा गजरा, पुढे भाजीची पिशवी. तिने हॉर्न वाजवला, पेठकरांच्या मागच्या चाकाकडे बोट केलं आणि ओरडली, "सार! दुपट्टा, दुपट्टा!" हवेत बोट गोल फिरवून चाकात काहीतरी गुंडाळलं जातंय असं दाखवलं.

हा इशारा सगळ्या देशात एकच आहे. मिरजेत दिवसातून दोनदा पेठकरांनीही अनोळखी माणसांना तो केला होता. ताई, ओढणी सांभाळा. ते लगेच कडेला झाले, गाडी स्टँडवर लावली, चाकाभोवती फिरले. चेनगार्ड बघितलं, सीटखाली हात घातला. ना कापड, ना दोरी, ना चिंधी.

मोपेडवाली पुढे जाऊन मागे वळून बघत होती. तिने हसून मान हलवली आणि अंगठा वर केला. काम झालं, असं तिचं म्हणणं होतं.

तिची नजर पेठकरांवर नव्हती. थोडी मागे होती.

५

चूक झाली असेल बाईची, असं म्हणून ते निघाले. पुढच्या गतिरोधकावर गाडीचं मागचं टोक खाली आदळलं. खण्णकन आवाज आला आणि टायर मडगार्डला घासला. एकट्या माणसाच्या वजनाने असं होत नाही. स्प्रिंगा थकल्यात, पेठकर मनाशी म्हणाले. पुढच्या गतिरोधकाला त्यांनी वेग अगदी कमी केला. तरी आदळली.

टी. नगरच्या तोंडाशी सगळं ठप्प झालं. साड्यांच्या दुकानांतून माणसं रस्त्यावर सांडत होती. बस, ऑटो, हातगाड्या, सगळं एकमेकांना चिकटून उभं. इंजिनं घुरघुरत होती, धूर खाली बसत होता.

शेजारच्या स्कूटरवर नवरा-बायको होती आणि दोघांच्या मध्ये तीन-चार वर्षांची मुलगी. ती पेठकरांच्या खांद्यामागे बघत होती. मग तिने दोन्ही तळहातांनी डोळे झाकले, बाजूला केले आणि खुदकन हसली. पुन्हा झाकले, पुन्हा हसली. कुणीतरी तिच्याशी खेळत होतं.

पेठकरांनी आरशात पाहिलं. आरशात त्यांचं कोपर होतं आणि मागच्या ऑटोचा पिवळा पत्रा.

मुलीने तिसऱ्यांदा हात बाजूला केले. या वेळी ती हसली नाही. तोंड तसंच थोडं उघडं राहिलं. मग तिने हळूच मान फिरवली आणि आईच्या पोटात तोंड खुपसलं. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सहज पेठकरांच्या मागे बघून, बाईमाणसाकडे बघून हसावं तसं, ओळखीचं हसली.

गर्दी सरकली. पेठकरांनी मागे हात लावून सीट चाचपून बघायचं मनात आणलं होतं. पण क्लच सुटला, गाडी पुढे गेली, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं बरंच वाटलं.

६

गिरीधर पंचविशीचा, अंगाने किडकिडीत मुलगा. तोही तंजावरकडचा, पण मराठी त्याला घरातल्या म्हाताऱ्यांपुरतीच येत होती. खाली रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीकडे त्याने गॅलरीतून एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"अंकल, तुम्ही ती चालवत आलात?"

"मग ढकलत आणू? बस. मला एकच विचारायचंय. पोलिसांच्या कागदात तुझं नाव आहे, तू त्या दिवशी त्याच्या मागे होतास."

"रोज मागेच असायचो. सैदापेटला भेटायचो, मग टुगेदर जायचो. दोन गाड्या मागे, तीन गाड्या मागे."

"तो एकटाच होता?"

गिरीधरने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "हो अंकल. एकटा."

"हे तू मान खाली घालून का सांगतोयस?"

गिरीधरने गॅलरीचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग गिरीधर बोलायला लागला, आणि बोलताना मराठीत तमिळ आणि इंग्रजी कधी मिसळलं ते त्यालाही कळलं नाही.

"लोक त्याला सिग्नल करायचे. डेली. दुपट्टा, दुपट्टा. फर्स्ट आम्ही खूप हसलो. मी म्हटलं, दर्शन, गर्लफ्रेंड कुठे लपवलीस दा, इंट्रोड्यूस तर कर. तो पण हसायचा. म्हणायचा, लाजते रे ती. मग हसायचा बंद झाला. रोड बदलला, टायमिंग बदललं. मी मागे असायचो अंकल, प्रॉमिस, मला काही दिसलं नाही. कधीच नाही. सीट रिकामी."

"आणि त्या दिवशी?"

"पुलाच्या नंतर एक बसवाला ओरडला. कंडक्टर पण ओरडला, फुटबोर्डवरचे सगळे ओरडले. लाऊडली. जसं खरंच काही तरी व्हीलमध्ये जातंय." गिरीधरने डावा हात मागे नेला, मांडीच्या मागे, खाली, आणि मूठ मिटून वर ओढला. "त्याने असं केलं. एका हाताने गाडी चालवत. असं गोळा केलं. आपण करतो ना, मागे सिस्टर असली तर? मग हँडल..."

त्याने मूठ उघडली.

"मी पळत पोचलो तर सगळं ओव्हर झालं होतं. हे हाताचं मी पोलिसांना नाही सांगितलं. काय सांगू? हवा पकडायला गेला?"

पेठकर उठले. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चांगला मित्र होतास," ते म्हणाले. "पाणी पी आधी, पेला तसाच आहे."

७

टी. नगरहून सेंट्रलला माउंट रोडने सरळ जायचं. पेठकरांनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. ते मनाशी पक्कं बोलले: कुणी काही ओरडो, काही दाखवो, दोन्ही हात हँडलवर. हात सुटला म्हणून मुलगा गेला. रस्ता ओळखलेला माणूस त्याच खड्ड्यात पडत नाही.

जेमिनीच्या उड्डाणपुलापर्यंत काही झालं नाही. पुलावर वारा लागला. उतरताना एका ऑटोवाल्याने मागे बोट केलं. पेठकरांनी मान हलवली आणि ते गाडी चालवत राहिले. मग बसच्या खिडकीतून एक म्हातारा. मग कॉलेजच्या मुली, तिघी एका स्कूटीवर, "अंकल! दुपट्टा! व्हील-ल माट्टुम!" पेठकर चालवत राहिले. डावीकडे बस होती, उजवीकडे बस होती, मध्ये हातभर जागा, आणि दोन्हीकडच्या पायऱ्यांवरून माणसं खाली वाकून ओरडत होती. ती चेष्टा नव्हती. अनोळखी माणसाचा जीव वाचवायला माणसं जशी जिवाच्या आकांताने ओरडतात, तशी ती ओरडत होती.

तेव्हा डाव्या आरशात त्यांना ते दिसलं. हळदीच्या रंगाचं कापडाचं टोक. वाऱ्याने वर आलं, क्षणभर फडफडलं आणि खाली चाकाकडे गेलं.

पंचवीस वर्षं कुमुदिनी त्यांच्या मागे बसली होती. पंचवीस वर्षं तिचा पदर खाली घसरला की तिला सांगायच्या आधी त्यांचा डावा हात मागे जात असे. मनाने नको म्हटलं. पण हाताने विचारलं नाही.

हाताला कापड लागलं. पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेलं, अंगावरच्या कापडाला असते तेवढी ऊब असलेलं. त्यांनी ते मुठीत धरलं. आणि दुसऱ्या टोकाने कुणीतरी ते, घाई न करता, आपली वस्तू मालकाने हळूच काढून घ्यावी तसं, त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. मागचं वजन जरा उचललं गेलं, पुढे सरकलं आणि नीट सावरून बसलं.

गाडी उजवीकडे कलली. बसचं चाक गुडघ्याजवळून गेलं. पेठकरांचा उजवा हात तेवढा शाबूत होता. त्या एका हाताने त्यांनी गाडी ओढून धरली, सरळ केली आणि पुढे काढली. दोन्ही बसमधली माणसं शांत झाली होती. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

८

स्टेशनबाहेर पार्सलच्या गाड्या बांधून देणारे बसतात. टाकीतलं पेट्रोल काढायचं, पेंढा लावायचा, गोणपाट गुंडाळायचं आणि सुतळीने शिवायचं. पेठकर बाजूला उभे राहिले. गाडी इथेच टाकून द्यावी, असं मनात आलं होतं. पण ती दर्शनची होती. ज्या हँडलवर त्याचे हात होते ते हँडल परक्या फुटपाथवर टाकून जाणं त्यांना जमणार नव्हतं. शिवाय आता त्यांच्याजवळ एका प्रश्नाचं उत्तर होतं, आणि ते कितीही उलटसुलट केलं तरी खोटं म्हणता येत नव्हतं.

बांधणाऱ्याने हँडल गुंडाळलं, टाकी गुंडाळली, पुढचं चाक शिवलं. मग गोणपाट हातात घेऊन तो मागच्या सीटपाशी आला आणि थांबला. अदबीने, एखाद्याने उठून जागा द्यावी म्हणून आपण थांबतो तसा. जरा वाट पाहून त्याने पेठकरांकडे बघितलं.

"अम्मावै एरंग सोल्लुंग, सार," तो म्हणाला आणि तळहात खालून वर नेऊन दाखवला.

पेठकरांना तमिळ येत नव्हती. हाताचा अर्थ कळायला तिची गरज नव्हती.

"तसंच बांध," ते मराठीत म्हणाले.

त्या माणसाने खांदे उडवले. मागची सीट उघडीच ठेवून त्याने उरलेलं शिवून टाकलं.

९

आगगाडी सुटायला थोडा वेळ होता. पार्सलच्या डब्यात मोटारसायकल चढली होती. पेठकरांनी फलाटाच्या टोकाला उभं राहून घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"अहो, विचारलंत?"

"विचारलं."

"मग? एकटाच होता?"

हो म्हणणं सोपं होतं. सेतुमाधवरावांनी तेच सांगितलं होतं, गिरीधरने सांगितलं होतं, पोलिसांनी लिहून दिलं होतं. पण कुमुदिनीशी ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि मघापासून त्यांची डावी मूठ मिटलेलीच होती.

"नाही," ते म्हणाले. "मागे कुणीतरी बसलं होतं. बाई होती."

पलीकडून एक लांब श्वास आला. कितीतरी दिवस धरून ठेवलेला.

"मुलगी होती? आणि बोलला नाही मला वेडा. लाजला असेल." ती रडत होती आणि रडता रडता हसत होती. "तिला लागलं नाही ना हो फार?"

"नाही. तिला काही झालं नाही."

"देवाची कृपा. अहो, ऐका. शेवटच्या घटकेला ती होती त्याच्याजवळ. म्हणजे ती आपलीच. तिला घरी बोलवा. मी बोलावलंय म्हणून सांगा. दर्शनची खोली मोकळीच आहे, राहू दे हवे तितके दिवस. कायमची राहिली तरी कोण नको म्हणतंय? दारात भाकरतुकडा ओवाळून मी स्वतः तिला आत घेईन. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"आज झोपते हो मी," कुमुदिनी म्हणाली. तिचा आवाज आत्ताच जड झाला होता. "आज झोप लागेल मला."

फोन बंद झाला. पुढे पार्सलच्या डब्याचं दार हमालाने ओढून घेतलं आणि अडसर खाली पाडला.

पेठकरांना कुमुदिनीला म्हणायचं होतं, तिला नको बोलावू. ते राहिलं.